न बोललेला कर्ता

अमली पदार्थविरोधी खात्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच एक चिंचोळी खोली होती. पूर्वी तिथं मोडके टाइपरायटर ठेवत. खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, म्हणजे उघडी काय नि बंद काय, सारखंच. त्या खोलीत कानाला हेडफोन लावून, समोर चष्म्याची डबी आणि पाण्याची बाटली ठेवून जी बाई दिवसभर बसे, तिला सगळी कचेरी दुभाषीबाई म्हणत असे. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत. पगाराच्या कागदावर तिचं नाव छापून आलं की तिलाच क्षणभर कुणा तिसऱ्याचं वाटायचं.

तिचे वडील तरुणपणी समुद्रापलीकडच्या देशात लाकडाच्या गिरणीत फोरमन होते. ती जन्मली तिकडंच, आणि बारा वर्षांची होईपर्यंत शिकलीही तिकडंच. भांडायचं त्यांच्या भाषेत आणि रडायचं आपल्या भाषेत, अशी तिची वाटणी होती. पुढं गिरणी बंद पडली, बिऱ्हाड इकडं आलं आणि ती भाषा तिच्या डोक्यात कपाटावर टाकलेल्या ट्रंकेसारखी पडून राहिली. लग्न झालं एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्याशी. माणूस मितभाषी, हाताला कायम वंगणाचा वास. एका जहाज कंपनीत ती पत्रांची भाषांतरं करायची. चाळिशी उलटल्यावर खात्याची जाहिरात आली आणि ती इकडं लागली.

खात्याला दुभाषी लागायचं कारण सरळ होतं. पावडरीचा माल इकडच्या बंदरातून निघायचा आणि पलीकडं उतरायचा. इकडच्या पोलिसांना माल कोण बांधतं ते ठाऊक, तिकडच्यांना तो कोण विकतं ते ठाऊक, आणि दोघांचं बोलणं टपालानं. माल चार दिवसांत समुद्र ओलांडायचा आणि कागद चार महिन्यांनी. उत्तर येईपर्यंत इकडचं गोदाम रिकामं आणि भाडेकरू फरार. शेवटी दोन्ही देशांच्या खात्यांनी मिळून एक पथक केलं आणि दर मंगळवारी सकाळी अकराला पडद्यावर समोरासमोर बसून बोलायचं ठरलं.

पडद्याच्या अलीकडं बसायचे इन्स्पेक्टर. त्यांना कचेरीत पाठीमागं घाईसाहेब म्हणत, कारण ते चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. पलीकडं असायच्या एक उंच, बारीक केस कापलेल्या अधिकारी बाई, पलीकडच्या मॅडम. आणि दोघांच्या मधे ही. सुरुवातीचे महिने दोन्ही बाजू एकमेकींना पाण्यात पाहायच्या. घाईसाहेब म्हणायचे, "विचारा यांना, इतके दिवस काय झोपा काढत होता का?" दुभाषीबाई पलीकडच्या भाषेत म्हणायची, "साहेबांना उशिराचं कारण जाणून घ्यायचं आहे." तिकडून मॅडम म्हणायच्या, "तुमच्या बंदरात कुंपण आहे की नुसती रांगोळी?" ती इकडं सांगायची, "बंदराच्या सुरक्षेबद्दल त्यांना थोडी काळजी वाटते." एवढी कात्री चालवायचा आपल्याला हक्क आहे, असं ती धरून चालली होती. भांडण होत नव्हतं, काम पुढं सरकत होतं. त्यात कुणाचं काय बिघडलं?

दुसऱ्या वर्षी मोठं प्रकरण हाती लागलं. फरशा चिकटवायच्या पांढऱ्या पावडरीच्या गोण्या एका कंटेनरमधून जाणार होत्या, आणि त्यातल्या चाळीस गोण्यांमधली पावडर फरशा चिकटवणारी नव्हती. पूर्वीचा काळ असता तर कंटेनर बंदरातच फोडला असता, फोटो निघाले असते आणि एक ड्रायव्हर आत गेला असता. या वेळी दोन्ही बाजूंनी ठरवलं की माल जाऊ द्यायचा. इकडून निघताना पाहायचा, तिकडं पोचताना पाहायचा, आणि तो अखेर कुणाच्या दारात थांबतो ते बघून मगच झडप घालायची. याला छाती लागते. माल मधेच हरवला तर जबाबदारी कुणाची, यावर तीन मंगळवार गेले. शेवटी पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "हरवला तर आपण दोघांनी हरवला." हे वाक्य दुभाषीबाईनं जसंच्या तसं सांगितलं. घाईसाहेब त्या दिवशी प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसले.

पाच आठवडे टोळीतल्या माणसांचे फोन ऐकले गेले. इकडची माणसं आपल्याच भाषेत बोलायची, पण खटला तिकडं चालणार होता, म्हणून प्रत्येक शब्द तिकडच्या भाषेत जायला हवा होता. चारशे बारा पानं झाली. ती रोज नऊ-नऊ तास ऐकत होती. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, घरी कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची.

कंटेनर पोचला, उघडला गेला, गोण्या एका गोदामात गेल्या, आणि दोन दिवसांनी तिकडं अकरा जणांना आणि इकडं चौघांना एकाच वेळी उचललं. दोन देशांत, घड्याळ लावून. कचेरीत पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली, कारण घाईसाहेबांना पेढे आणायला वेळ नव्हता. तिला प्रशस्तिपत्रक मिळालं. नवऱ्यानं ते फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलं.

त्या अकरांत एक आपल्याकडचा माणूस होता. तिकडं पोटासाठी गेलेला, गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट गाडी चालवणारा. त्या दिवशी गोण्या त्यानंच खाली घेतल्या होत्या. ते त्याचं कामच होतं, पण त्याच्याविरुद्ध आणखी एक गोष्ट होती. त्याच्या बायकोचा भाऊ इकडं माल बांधणाऱ्यांत होता, आणि त्याच भावाच्या फोनवरून बायको नवऱ्याशी बोलायची. त्यामुळं नवराबायकोचं बोलणंही टेपवर आलं होतं. ज्या सकाळी कंटेनर रिकामा झाला, त्याच सकाळचं ते बोलणं होतं.

"उतरला का?" बायको विचारते.

"पहाटे उतरला एकदाचा. जीव मेटाकुटीला आला होता."

"मग आता?"

"आता काही नाही. पण आईला बोलू नकोस हं. कुणालाच बोलू नकोस."

दुभाषीबाईनं त्याचं भाषांतर केलं, "माल उतरला का?" "पहाटे माल उतरला." आपल्याकडं कर्ता गाळला तरी कुणाचं अडत नाही, ऐकणारा समजून घेतो. तिकडच्या भाषेत कर्त्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही, काहीतरी घालावंच लागतं. तिनं माल घातला. त्या दिवशी ऐकलेल्या चाळीस संभाषणांत उतरला होता तो मालच होता.

आठ महिन्यांनी खटला उभा राहिला. तिला पडद्यावरून साक्ष द्यायची होती, भाषांतर माझं आहे आणि खरं आहे, एवढीच. तिचा स्वतःचा एक नियम होता. शपथ घेण्याआधी सगळं पुन्हा मूळ आवाजाशी ताडून पाहायचं. या वेळी तिनं आणखी एक गोष्ट केली. जी संभाषणं तिनं त्या वेळी पहिली दोन वाक्यं ऐकून ‘घरगुती’ असा शेरा मारून बाजूला टाकली होती, त्यांचं भाषांतरच केलं नव्हतं, तीही लावून ऐकली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. वेळ होता, एवढंच.

कंटेनरच्या दोन दिवस आधीचं एक बोलणं होतं. फोर्कलिफ्टवाल्याचाच आवाज, पण दाटलेला.

"अंग नुसतं ठणकतंय. दोन पांघरुणं घेतली तरी थंडी जात नाही."

"रजा घ्या ना मग."

"मागितली. मुकादम म्हणाला, परवा कंटेनर लागायचाय, तू नसलास तर कोण गाडी चालवणार? घेतलीय एक गोळी. बघू, उतरेल."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग परत घातला आणि पुन्हा ऐकलं. मग ती सकाळ पुन्हा ऐकली. ‘पहाटे उतरला एकदाचा.’ आता त्या आवाजात तिला एवढा थकवा ऐकू येत होता, की आधी कसा आला नाही याचंच नवल वाटावं. ताप. माणसाचा ताप उतरला होता, आणि म्हातारी घोर लावून घेईल म्हणून आईला सांगू नकोस म्हणत होता. आणि तिनं त्याच्या तोंडात चाळीस गोण्या घातल्या होत्या.

ती तशीच उठून घाईसाहेबांकडं गेली. त्यांनी दोन्ही बोलणी उभ्यानं ऐकली आणि मग बसले.

"बाई, खात्री आहे?"

"तापाचीही नाही आणि मालाचीही नाही. पण मी लिहिलं होतं खात्री असल्यासारखं."

"तो काही साधू नाही. मेव्हणा टोळीत आहे त्याचा."

"मेव्हणा आहे, साहेब."

घाईसाहेब बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले. "हे बघा. एक शब्द तुम्ही स्वतःहून चुकला म्हणालात, की तिकडचा वकील चारशे बारा पानांवर बोट ठेवेल. म्हणेल, सगळीकडंच असं केलंय. अकराच्या अकरा सुटतील. आणि पलीकडच्या मॅडम? पुन्हा विश्वास ठेवतील आपल्या कागदावर? तीन वर्षं घासलोय आपण यासाठी."

"ते सगळं खरंय," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडं आधी आले."

त्यांनी लेखी टिपण द्यायला सांगितलं. तिनं दिलं. ते टिपण त्यांच्या खणात गेलं आणि खणातच राहिलं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो जमिनीवर बसून कुणाच्यातरी फ्रिजचा थर्मोस्टॅट उघडत होता.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मी चुकीचा पार्ट बसवला तर काय करतो?"

"परत जाऊन काढता."

"शिव्या खातो आणि काढतो." त्यानं एक स्क्रू फुंकरून साफ केला. "पण माझ्या पार्टपायी कुणी आठ महिने आत बसलेलं नाही अजून. तुझं तुलाच माहीत गं. मी काय सांगणार?"

पुढचा मंगळवार आला. साक्ष नऊ दिवसांवर होती. बैठकीत नेहमीचे विषय झाले. खणातल्या टिपणाचा विषय निघाला नाही. दुभाषीबाई दोघांच्या मधे बसून बोलत होती आणि तिला प्रथमच कळत होतं की या खोलीत आपल्याला आवाज आहे पण बोलणं नाही. तिला वाटलं असतं तर ती पलीकडच्या भाषेत सरळ सांगून मोकळी झाली असती. घाईसाहेबांना एक अक्षर कळलं नसतं. तो मोह तिला झाला, खोटं कशाला सांगा. पण इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी ज्या एका भरवशावर तिला मधे बसवलं होतं, तो मोडला असता.

घाईसाहेब कागद गोळा करू लागले तेव्हा ती आपल्या भाषेत, मोठ्यानं म्हणाली, "साहेब, यापुढची चार वाक्यं माझी आहेत, तुमची नाहीत. मी ती त्यांना सांगू का?"

घाईसाहेबांचे हात थांबले. पडद्यावर मॅडम वाट पाहत होत्या. दोघांत काहीतरी चाललंय हे त्यांना भाषा न येताही दिसत होतं.

"माझी नाहीत, असं आधी सांगा," घाईसाहेब म्हणाले. मग कागद खाली ठेवून, "आणि टिपण माझ्याकडं सहा दिवस पडून होतं, तेही सांगा."

तिनं दोन्ही सांगितलं. मग चूक सांगितली. कुठं, कोणत्या पानावर, कोणता शब्द, आणि तो मूळ बोलण्यात नव्हता हे.

पलीकडच्या मॅडमनी पानांची चळत पुढं ओढून ते पान काढलं आणि त्या शब्दाखाली रेघ मारली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "असं न बोललेलं तुम्ही आणखी किती ठिकाणी घातलंय?"

"माहीत नाही," दुभाषीबाई म्हणाली. "मला तीन आठवडे द्या."

साक्ष पुढं ढकलली गेली. वरचे लोक दोन्हीकडं चिडले, घाईसाहेबांना मोठ्या साहेबांनी दार लावून सुनावलं आणि त्यांची होऊ घातलेली बढती तिथंच अडली. पुढचे कित्येक महिने ते दुभाषीबाईशी कामापुरतंच बोलले. जिन्यात समोरासमोर आले तर तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत.

मॅडमनी त्यांच्याकडचा एक दुभाषी विमानानं धाडला, जाडजूड, निवृत्त शाळामास्तर. दोन्ही भाषा त्यालाही येत. त्या चिंचोळ्या खोलीत दुसरी खुर्ची मावत नव्हती, तेव्हा दार काढून ठेवलं. दोघं समोरासमोर बसून एकेक ओळ ऐकत आणि भांडत. ‘काम झालं’ यातलं काम कोणतं? ‘तो आला’ यातला तो कोण? मास्तर कधी कधी टेबलावर हात आपटायचे आणि मग तिच्यासाठीही पाणी ओतायचे.

तिसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टवाल्याची टेप लागली. मास्तरांनी ती ऐकली, चष्मा काढला आणि रुमालानं उगाचच पुसत राहिले.

"याच्या चौकशीला दुभाषी मीच होतो," ते म्हणाले. "तो मला सारखं सांगत होता की त्या दिवशी मी आजारी होतो. प्रश्न गोण्यांचा होता. मी म्हटलं, विचारलंय तेवढंच बोल. लिहून घेतलं नाही मी ते."

समजूत घालण्यासारखं दोघांकडंही काही नव्हतं. तिनं पुढची टेप लावली.

तीन आठवड्यांत हिशेब निघाला. एकोणीस ठिकाणी तिनं कर्ता आपल्या पदरचा घातला होता. सतरा ठिकाणी मागचंपुढचं बोलणं इतकं स्वच्छ होतं की शंकेला जागा नव्हती. दोन ठिकाणी होती. एक फोर्कलिफ्टवाला, आणि दुसरा त्याच गोदामाचा व्यवस्थापक, ज्याला इकडच्या माणसांच्या नुसत्या ‘कळलंय’ या शब्दापुढं तिनं कर्ता केलं होतं.

साक्षीच्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि कॅमेऱ्यासमोर बसली. तिकडच्या कोर्टातला वकील आवाजानं मृदू होता.

"म्हणजे माझ्या अशिलांनी न बोललेले शब्द तुम्ही त्यांच्या तोंडी घातलेत?"

"हो. एकोणीस वेळा. यादी दिलेली आहे. त्यातल्या दोन ठिकाणी मी घातलेला शब्द टिकत नाही."

"मग उरलेल्या सतरांवर कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

"माझ्यावर नका ठेवू," ती म्हणाली. "आवाज तुमच्याकडं आहेत. ऐकवा, आणि ज्याला दोन्ही भाषा येतात अशा कुणालाही विचारा."

वकिलानं दोन दिवस तेच केलं. सतरा ठिकाणं टिकली. नऊ जणांना शिक्षा झाली, त्यात माल मागवणारा मुख्य माणूसही होता. फोर्कलिफ्टवाला सुटला. आणि व्यवस्थापकही सुटला. त्याच्या बाबतीत तिला आतून वाटत होतं की त्याला सगळं ठाऊक असणार. पण वाटणं टेपवर नव्हतं. तो माणूस आज कुठं असेल, पुन्हा गोण्या उतरवून घेत असेल का, हे तिच्या मनात मधूनमधून येतं.

दीड महिन्यानं फोर्कलिफ्टवाला कचेरीत आला. जप्त केलेला मेव्हण्याचा फोन न्यायला बायको आली होती, तिच्याबरोबर. त्याच्याकडं सुटकेचे कागद होते, पण तिकडच्या भाषेत, म्हणून शिपायानं त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. माणूस बुटका, खांदे रुंद, कपडे अंगावर सैल पडलेले. तो "नमस्कार ताई" म्हणाला आणि दुभाषीबाईनं आवाज ओळखला. इतके महिने कानात राहिलेल्या त्या आवाजाला आता चेहरा आला.

तिनं कागद वाचून दाखवला. निर्दोष सुटका. पण शेवटच्या परिच्छेदात कामाचा परवाना रद्द आणि पाच वर्षं प्रवेशबंदी, कारण अटकेच्या काळात परवान्याची मुदत संपली होती.

"म्हणजे तिकडं जाता येणार नाही?"

"सध्या नाही." मग तिनं कागद खाली ठेवला. "तुम्ही बायकोशी बोललात ना, पहाटे उतरला म्हणून. त्याचं भाषांतर मी केलं होतं. तिथं माल असं मी लिहिलं. चूक माझी होती."

बायकोनं झटकन मान वर केली. तो मात्र कागदाकडंच बघत होता.

"आणि ताप होता म्हणून कोर्टात सांगितलं, ते कुणी?"

"तेही मीच."

"मी तीस वेळा सांगितलं असेल तिथं," तो म्हणाला. "शेवटी मलाच वाटायला लागलं, होता का नव्हता." रागावला की नाही, ते तिला कळलं नाही. बायको म्हणाली, "अकरा महिने, ताई. यांच्या आईनं अंथरूण धरलं." त्यावर दुभाषीबाई फक्त हो म्हणाली. माफी तिनं मागितली, त्यांनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. जाताना तो दारात थांबून एवढंच म्हणाला, "बंदी उठवायचा काही अर्ज असतो का?"

अर्ज असतो. तिनं तो लिहिला, आपल्या भाषेत आणि त्यांच्या भाषेत, आणि घाईसाहेबांच्या टेबलावर ठेवला. खात्याचा याच्याशी संबंध नाही, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, सही केली आणि पुढच्या मंगळवारच्या कागदांत घातला.

त्यानंतर पथकाचे दोन नियम बदलले. बोलण्यात कर्ता नसेल तर भाषांतरातही जागा रिकामी ठेवायची, तिथं रेघ ओढायची. आणि ‘घरगुती’ शेरा मारलेलं काहीही पूर्ण न ऐकता बाजूला टाकायचं नाही. काम दुप्पट झालं. मास्तर तिकडून आठवड्याला एकदा फोन करून कुरकुर करतात, ती इकडून करते.

बंदीच्या अर्जाला चौदा महिने लागले. एका मंगळवारी सगळे विषय संपल्यावर पलीकडच्या मॅडमनी स्वतःच एक कागद उचलून पडद्यासमोर धरला. इतक्या वर्षांत त्या बैठकीत कुणाला पकडायचं याशिवाय क्वचितच दुसरं काही बोललं गेलं होतं. "हा तुमचा माणूस," त्या म्हणाल्या. "बंदी उठली. सहा महिन्यांत यायला हवं."

दुभाषीबाईनं त्याला फोन लावला. तो आता इकडंच एका शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवत होता. त्याच्या पाठीमागून, गाडी मागं घेताना वाजतो तसा भोंगा ऐकू येत होता. तिनं बातमी सांगितली.

"सहा महिने?" तो म्हणाला.

"सहा महिने."

"बायकोशी बोलतो आज. आईलाही विचारावं लागेल." मग म्हणाला, "बरं झालं कळवलंत ताई."

फोन ठेवून तिनं चष्मा चढवला आणि पुढची टेप लावली. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, निघालं का? तिनं लिहिलं, ‘निघालं का?’ आणि त्याच्या आधी एक मोकळी रेघ ओढली.